सवयी, समजुती आणि मधुमेह
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी उदारपणे आमच्यावरच सोपविली होती. त्या स्वातंत्र्याचा आम्हांस फारसा उपयोग झाला नाही. गेली पुष्कळ वर्षे खानदेशात वैद्यकीय व्यवसाय करीत असताना आपल्या समाजाच्या घराघरांतून जो विषय आमच्यासमोर येऊन बसतो तो एकच आहे. आणि तो म्हणजे मधुमेह व त्याच्या जोडीने येणारा रक्तदाब. तेव्हा दुसरा विषय शोधण्यात अर्थ नव्हता.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. गोड कमी खावे, तेलतूप जपून वापरावे, रोज चालावे, एवढेच सांगण्यासाठी आपणांस येथे बसवून ठेवण्याची आमची इच्छा नाही. हे सारे आपणां सर्वांस ठाऊक आहे. किंबहुना दवाखान्यात येणारी मंडळी आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच पथ्याची यादी म्हणून दाखवितात, आणि भ्रमणध्वनीवरून आलेली दहा नवी औषधे आम्हांसच शिकवून जातात. मग इतके ठाऊक असूनही आचरण का होत नाही? आमचा अनुभव असा की, आपल्या आड अज्ञान फारसे येत नाही. आड येतात त्या आपल्या मानपानाच्या, लाजेच्या आणि आपुलकीच्या कल्पना. त्यांविषयीच आज बोलावे असे योजिले आहे.

रोगाचा पसारा केवढा आहे, याची कल्पना यावी म्हणून थोडे आकडे सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या विद्यमाने २००८ ते २०२० या काळात देशभर एक मोठी पाहणी झाली. तीत १ लाख १३ हजार प्रौढ स्त्रीपुरुषांची तपासणी करण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शंभर प्रौढांत ११.४ जणांस मधुमेह, १५.३ जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि ३५.५ जणांस वाढलेला रक्तदाब असे प्रमाण आढळले. महाराष्ट्राचे आकडे या पाहणीच्या पहिल्याच टप्प्यात, म्हणजे २०११ साली, प्रसिद्ध झाले होते. त्या वेळी आपल्या राज्यात मधुमेही ८.४ टक्के व उंबरठ्यावरचे १२.८ टक्के होते. उंबरठ्यावरच्या मंडळींची संख्या रोग्यांहून अधिक आहे, ही गोष्ट कृपया ध्यानात असू द्यावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हा रोग विलायतेहून आला, जुन्या काळी नव्हता, अशी एक समजूत आपल्यांत आहे. ती खरी नाही. चरकसंहितेत प्रमेहाची जी कारणे दिली आहेत, त्यांत बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना आहे. सुश्रुताने तर उपचार सांगताना रोग्याची सांपत्तिक स्थितीही विचारात घेतली. निर्धन रोग्याने जोडे आणि छत्री न घेता, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने चालावे. धनिकाने सावा आणि देवभात यांवर राहावे. नपेक्षा नांगर धरावा, विहीर खणावी, असा त्याचा आदेश आहे. विहीर खणण्याचा सल्ला आज आम्ही दिला तर रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे जातील, हे आम्ही जाणतो. परंतु सुखासीनतेचा आणि या रोगाचा संबंध आपल्या पूर्वजांस उमगला होता, इतके तरी मान्य करावे.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली निवर्तल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती गाणी शेतात आणि घरात काम करता करता रचली गेली, हे सर्वांस माहीत आहे. पहाटे जात्यावर बसणारी, दिवसभर शेतात राबणारी आणि रात्री पुन्हा चुलीपुढे बसणारी ती पिढी. तिला कोणी व्यायामाचा उपदेश केला असता तर ती हसली असती. वरण-बट्टीवर ओतलेले तूप, भरताबरोबरची कळण्याची पुरी, आखाजीचा आमरस आणि खापरावरचे मांडे हे सर्व त्या कष्टांच्या हिशेबाने ताटात आलेले होते. पुढे जात्याच्या जागी चक्की आली, मोटेच्या जागी विजेची मोटर आली. आता तर ती मोटरही घरबसल्या भ्रमणध्वनीवरून सुरू होते. ताट मात्र होते तेथेच राहिले. शिवाय पूर्वी आखाजीला होणारे पक्वान्न आता वाढदिवसाला, साखरपुड्याला आणि रविवारलाही होऊ लागले. शेवभाजी तर सणाचीही वाट पाहत नाही.

ताटात बदल झालाच असेल तर तो उलट्या दिशेचा. दादरची भाकरी हे आपले रोजचे अन्न होते. ती मागे पडून गव्हाची पोळी आली, कारण पोळी प्रतिष्ठेची. पाहुण्यापुढे भाकरी ठेवणे अनेक घरांत आजही कमीपणाचे मानतात. मात्र शहरातला पाहुणा तीच भाकरी रस्त्यावरच्या ढाब्यावर पैसे मोजून खातो. भाकरी म्हणजे औषध नव्हे; चार भाकरी खाल्ल्यास साखर वाढणारच. पण डाळ, पालेभाजी आणि एक-दीड भाकरी हे ताट ज्याने सोडले त्याने काही कमावले असे आम्हांस वाटत नाही.

प्रतिष्ठेची हीच गत चालण्याची. आपल्या समाजात पायी चालणे हे अद्यापि गरिबीचे लक्षण समजले जाते. धुळ्यात चौथ्या गल्लीतून पाचव्या गल्लीत जायचे तर दुचाकी बाहेर काढावी लागते, पायी दिसल्यास लोक विचारतात, “काय आप्पा, गाडी बिघडली का?” जळगावी मेहरूण तलावाकाठी पहाटे चालणाऱ्यांची गर्दी पाहून आनंद होतो. तीच मंडळी दिवसा कोपऱ्यावरच्या दुकानाशी जाण्यास मात्र मोटर काढतात. म्हणजे व्यायाम म्हणून चालणे मानाचे, काम म्हणून चालणे अपमानाचे! ज्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती टिपून घेतली, त्या गावास तरी चालण्याची लाज वाटू नये. ते विनोबा १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे पायीच देश हिंडले.

काही मंडळी म्हणतील, आम्ही कोठे स्थूल आहोत? आम्हांस याचे भय नाही. हे समाधान आपल्या देशात विशेष धोक्याचे आहे, आणि ते दाखवून देणारे संशोधन आपल्याच महाराष्ट्रात झालेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःच्याच देहाचे उदाहरण मांडले. दोघांचे उंचीशी वजनाचे प्रमाण अगदी सारखे, म्हणजे २२.३. दोघेही दिसण्यात सडपातळ. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व नवजात बालके यांचा १९९३ पासून अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्पटन येथील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडामांसाने बारीक, पण चरबीने त्या मानाने बरीच राखलेली होती. आपल्या देहाची ही ठेवण जन्मापासूनची आहे. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेस फीत लावून पाहणे बरे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांपुढे आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरांपुढे गेली, तर हातपाय कितीही बारीक असोत, रक्त तपासून घ्यावे.

येथवर जे सांगितले ते सर्वत्रच कमीअधिक लागू आहे. आता खास आपला म्हणावा असा जो विषय, त्याकडे येतो. तो म्हणजे पंगतीतला आग्रह.

आग्रह हा आपल्या स्वभावाचा दागिना आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. दुष्काळ पाहिलेल्या प्रदेशात दुसऱ्यास पोटभर वाढणे हीच आपुलकीची परमावधी होती. ज्याच्या घरी पाहुणा अर्धपोटी उठला त्याचे नाव गावात निघत असे. परंतु आज त्या आग्रहाने काय घडते ते पाहा. पंगतीत एखादा गृहस्थ ताटावर हात आडवा धरतो. वाढणारा म्हणतो, “एकाने काही होत नाही.” शेजारचा म्हणतो, “आज गोळी जास्तीची घ्या.” यजमान स्वतः येतात आणि घास भरविण्यासाठी उभे राहतात. त्या गृहस्थास मधुमेह आहे हे तिघांनाही ठाऊक असते. तरी नकार स्वीकारला तर आपले प्रेम कमी ठरेल, अशी प्रत्येकास भीती. शेवटी तो गृहस्थ खातो. त्यास जिलबीचा मोह पडलेला नसतो. यजमानाचा मान राखण्यासाठी तो खातो. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांची साखर वैशाखात वाढते. त्याचे कारण विचारल्यावर मिळणारे उत्तर जवळजवळ ठरलेले असते: “लग्ने होती, डॉक्टर, नाही म्हणता येत नाही.”

लग्नाचे सोडा, दु:खाच्या प्रसंगीही तेच. एखाद्याच्या दारावर बसावयास गेलो म्हणजे चहा होतो. दिवसभरात पाच ठिकाणी गेल्यास पाच वेळा होतो, आणि तो बिनसाखरेचा मागण्याची ती वेळ नव्हे असे प्रत्येकास वाटते. गंधमुक्तीच्या जेवणातही गोड लागतेच. कानबाईच्या रोटांचा प्रसाद तर घरातच संपवावयाचा असतो. प्रसादाचा अनादर करावा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पण प्रसाद बोटभर घेतल्याने देवता रागावल्याचे आम्ही कोठे ऐकलेले नाही.

अलीकडील एक उदाहरण या संदर्भात मनोरंजक वाटते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा प्रचार महाराष्ट्रभर केला, त्याचे आपल्याकडेही अनेक अनुयायी आहेत. त्या पद्धतीच्या गुणदोषांची चर्चा येथे करीत नाही. मधुमेहावर गोळ्या अथवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी तर आपल्या डॉक्टरास विचारल्याखेरीज जेवणाच्या वेळा मुळीच बदलू नयेत, कारण साखर एकाएकी खाली उतरण्याचा धोका असतो. परंतु आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. “माझे दीक्षितांचे चालू आहे,” एवढे म्हटल्यावर पंगतीत आग्रह करणारा हात मागे घेऊ लागला! “मला मधुमेह आहे” या वाक्याने जे साधत नव्हते ते या वाक्याने साधले. उपवास असल्याचे सांगितल्यावर जशी सूट मिळते तशी ती सूट होती. आपला समाज व्रताचा मान राखतो, रोगाचा राखत नाही, असाच याचा अर्थ आम्ही काढला.

आग्रहाचेच दुसरे रूप म्हणजे तंबाखू. चंची पुढे करणे हे ओळख वाढविण्याचे साधन होऊन बसले आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत होते, आणि त्यांतील बहुतेक ती खात अथवा दातांना लावीत होते. राज्यात गुटख्यावर २०१२ सालीच बंदी आली. तरुणांच्या खिशांतून मात्र तो गेलेला नाही, हे पालकांनी स्वतः पाहून घ्यावे. आपल्या भगिनींची मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. ती भाजल्याने निर्दोष होत नाही. मधुमेह आणि तंबाखू एकत्र आले म्हणजे पायांच्या रक्तवाहिन्या लवकर निकामी होतात, याची उदाहरणे येथे बसलेल्या अनेकांच्या घरी असतील. अधिक सांगत नाही.

भगिनींविषयी मात्र थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. घरातील पुरुषास मधुमेह झाला तर त्याचे पथ्य सांभाळण्यास पत्नी, सून, मुलगी सर्व उभ्या राहतात. स्त्रीस मधुमेह झाला तर ती सर्वांसाठी वेगळे रांधते आणि स्वतःसाठी काहीच वेगळे करीत नाही. “माझ्या एकटीसाठी कोठे निराळे करू?” हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, आता रुग्ण स्त्रीबरोबर तिच्या घरातील आणखी एकास बोलावून घेतल्याशिवाय आम्ही पथ्याची भाषाच काढीत नाही. शिवाय अन्न टाकू नये हा आपला संस्कार. मुलांच्या ताटातला राहिलेला भात, कढईतली उरलेली पुरी, पातेल्याला लागलेला शिरा हे सर्व अखेर आईच्या पोटात जाते. जेवणाच्या हिशेबात ती ते धरीत नाही, कारण तिच्या मते ते जेवण नसून आवराआवर असते. उपवासांचेही तसेच आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचा लाडू. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण कोणी उगाच केली नाही.

गर्भारपणात तर “दोन जिवांची आहे, दुप्पट खा” हा आग्रह घरातल्या वडील स्त्रियाच करतात. गर्भारपणात साखर वाढू शकते. तिची तपासणी वेळेवर न झाल्यास आईस त्रास होतोच, परंतु पोटातल्या बाळासही पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका वाढतो. पुण्याच्या ज्या बाळांविषयी वर सांगितले, त्यांची ती ठेवण आईच्या पोटातच घडते. म्हणून सून माहेरी जाण्यापूर्वी तिची साखर एकदा पाहिली आहे ना, हे सासूने विचारावे. डिंकाचे लाडू त्यानंतर.

आता आपल्या बोलण्याकडे थोडे लक्ष देऊ. आपल्यांत कोणासही मधुमेह नसतो. असते ती “थोडीशी शुगर”. रक्तदाब नसतो; “बीपी जरासे वर” असते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक भरली आणि दुसऱ्या तपासणीतही तसेच दिसले तर तो मधुमेहच. त्यास थोडासा म्हटल्याने तो थोडा होत नाही. १०० ते १२५ यांच्यामध्ये असणाऱ्यांनी “बॉर्डरवर आहे” असे हसत सांगून तेथेच मुक्काम ठोकावा, ही तर फारच खेदाची गोष्ट. दुखत नाही, खुपत नाही, भूक उत्तम लागते, मग रोग कसला, असा हा युक्तिवाद असतो. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे ही फार काळ न बोलता झिजतात. ती बोलू लागतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

औषधांविषयीची समजूत याहून दृढ आहे. गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, म्हणून ती लावूच नये, असे पुष्कळ सुशिक्षित माणसेही मानतात. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड यांवर वर्ष-दोन वर्षे काढली जातात. कारले आम्हांसही आवडते. परंतु त्या दोन वर्षांत जे बिघडते ते कारल्याने परत येत नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली नव्या मधुमेहींवर एक दीर्घ प्रयोग सुरू झाला व त्याचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची साखर आरंभापासून अधिक काटेकोरपणे ताब्यात ठेवली, त्यांच्यात डोळे, मूत्रपिंडे इत्यादींचे विकार सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. पुढे दहा वर्षांनी, २००८ साली, पाहिले तो दोन्ही गटांची साखर एव्हाना सारखीच झालेली होती, तरी सुरुवातीच्या नियंत्रणाचे फळ पहिल्या गटास मिळतच होते. आरंभीची वर्षे किती मोलाची असतात हे यावरून कळेल. इन्सुलिनचे इंजेक्शन म्हणजे शेवटची पायरी, ही समजूतही अशीच. १९२२ साली टोरंटो येथे ते पहिल्या रुग्णास दिले गेले, त्यापूर्वी मधुमेही बालके हमखास दगावत असत. बालवयातल्या या मधुमेहाचा खाण्यापिण्याच्या सवयींशी संबंध नसतो. तेव्हा ज्यांच्या घरी असे मूल आहे त्या आईबापांस “तुम्हीच गोड फार दिले असेल” असे बोलून कोणी दुखवू नये, ही विनंती जाता जाता करून ठेवतो.

“आमच्या खानदानातच आहे, तो टळणार थोडाच?” हा प्रश्नही आम्हांस नित्य विचारला जातो. मधुमेह घराण्यात उतरतो, हे खरे. परंतु घराण्यात केवळ रक्त उतरत नाही. स्वयंपाकघर उतरते, जेवणाची वेळ उतरते, दुपारची झोप उतरते, पानाचा डबाही उतरतो. मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथील डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला त्यांच्यातील शंभरी ५५ जणांस तीन वर्षांत मधुमेह जडला. ज्यांच्या आहारात व चालण्यात वारंवार पाठपुरावा करून बदल घडविला त्यांच्यातील शंभरी ३९ जणांस जडला. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळजवळ तितकाच लाभ झाला. शंभरांत सोळा माणसे वाचली. हा आकडा काहींस लहान वाटेल. या सभागृहात सोळा खुर्च्या मोजून पाहाव्या. ही माणसे आपल्यासारखीच होती, आणि त्यांच्याही घराण्यांत हा रोग होताच.

खानदानाचा विषय निघाला म्हणजे विवाहाचा निघतोच, आणि आजच्या भाषणातील सर्वांत अवघड भाग हाच आहे.

आमच्या पाहण्यातील एका तरुणाची हकीकत सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. विशीच्या अखेरीस त्याची साखर वाढलेली आढळली. वडिलांनी ठरविले की, लग्न जमेपर्यंत वाच्यता करावयाची नाही. गोळ्यांची पट्टी दुकानाच्या गल्ल्यात राहू लागली. लग्न जमले, साखरपुडा, हळद, लग्न आणि पुढच्या सोळा पंगती यांत पट्टी काढण्यास सवडही झाली नाही व धीरही झाला नाही. लग्नानंतर पत्नीच्या नजरेस पडू नये म्हणून गोळ्या थांबल्या त्या थांबल्याच. दोन वर्षांनी पायाची जखम बरी होईना म्हणून त्यास रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा त्या मुलीस प्रथम कळले. पाय वाचला. पण ती आम्हांस म्हणाली, “रोगाचे काही नव्हते हो, मी भाकरी करून दिली असती. मला परकी का ठेवले?” यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

अशा घटना टाळाव्यात म्हणून आपल्या वधूवर परिचय पुस्तिकेत शिक्षण, उंची यांप्रमाणे आरोग्याचाही रकाना घालावा, आणि डॉक्टरांचा दाखला जोडावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली असल्याचे कळते. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. तरीही आम्ही तिच्या विरुद्ध आहोत, आणि हे आज जाहीरपणे सांगणे आमचे कर्तव्य समजतो. त्या रकान्यात सर्वजण ‘निरोगी’ एवढाच शब्द लिहितील. ज्यांस शंका आहे ते, तो शब्द खोटेपणाशिवाय लिहिता यावा म्हणून, रक्त तपासावयाचेच टाळतील. तपासणी टाळणे हाच तर आपला मूळ विकार! शिवाय आईस मधुमेह आहे एवढ्यावरून चोवीस वर्षांच्या धडधाकट मुलीचे पान लोक उलटून टाकतील, आणि मुलाच्या बाबतीत तेच पान उलटणार नाहीत, हेही आपण सर्व जाणतो. छापील पुस्तिकेत घातलेली गोष्ट परत घेता येत नाही.

याऐवजी असे करता येईल. मुलामुलीची पसंती झाली, दोन्ही घरे बोलणीस बसली, म्हणजे साखरपुड्यापूर्वी साखरेचेही बोलणे व्हावे. दोन्ही पक्षांनी आपापल्या मुलांचे अहवाल एकमेकांस दाखवावेत. एकाच पक्षाने नव्हे. त्या वेळी मंडळातील एखाद्या जाणत्या डॉक्टरास बसवावे, म्हणजे कोणत्या आकड्यास भ्यावे आणि कोणत्यास भिऊ नये हे तो सांगेल. वेळीच कळलेला आणि ताब्यात असलेला मधुमेह हा लग्न मोडण्याचे कारण होऊ शकत नाही, हे सांगण्यास आम्ही कोणाच्याही बैठकीस येऊ. फी लागणार नाही. चहा मात्र बिनसाखरेचा.

मंडळाने स्वतः काय करावे, याविषयी कार्यवाहांशी आमचे बोलणे झाले आहे आणि त्यांनी काही गोष्टी मान्यही केल्या आहेत. आजच्या भोजनात वाढपी मंडळींस एकदाच विचारण्याची सूचना दिलेली आहे. दुसऱ्यांदा कोणी विचारल्यास तो मंडळाचा वाढपी नसून आपला कोणी नातेवाईक आहे असे समजावे. दादरची भाकरी आणि पालेभाजी पहिल्या वाढीतच येईल. गोड एकच आहे, तेही मागितल्यावर. मिठाच्या वाट्या ताटांजवळ ठेवलेल्या नाहीत, कारण दिवसाकाठी ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक लहान चमचा, इतके मीठ पुरे असते आणि तेवढे आपल्या पापड-लोणच्यांतूनच होऊन जाते.

भोजनगृहाशेजारच्या खोलीत रक्तदाब व साखर तपासण्याची सोय दुपारी चारपर्यंत आहे. तीस वर्षांवरील सर्वांनी तेथे जावे. आज ज्यांस जमणार नाही त्यांनी आपल्या गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जावे. तेथे ही तपासणी विनामूल्य होते. “आम्ही जेवलो आहोत, आता काय तपासणार,” ही सबब यंदा चालणार नाही, कारण तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी तपासणी ठेवली आहे आणि तिला उपाशी राहावे लागत नाही. नळ्यांवर व पाकिटांवर नाव नसून क्रमांक राहील. अहवाल ज्याच्या त्याच्या हाती बंद पाकिटातच दिला जाईल. वडिलांचा मुलाकडे नाही, सुनेचा सासूकडे नाही, आणि मंडळाच्या दप्तरात तर नाहीच.